पूर्वी इथे गाडी थांबत नसे

व्होल्टाश्ट्रासे सुटलं आणि पुढच्या बोगद्यात गाडी उभी राहिली. ऑफिसं सुटायची वेळ, डबा गच्च, पावसाने भिजलेल्या जॅकेटांचा कोंदट वास आणि त्यात कुणाच्या तरी हातातल्या कबाबमधला कच्चा कांदा. बर्लिनच्या यू-८ या भुयारी रेल्वेमार्गावर हे नेहमीचंच. चालकाने पुटपुटल्यासारखी काहीतरी घोषणा केली, लोकांनी मोबाइलमधून मानसुद्धा वर काढली नाही. माझ्या समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून भाजीची हिरवी पात बाहेर डोकावलेली. थोड्या वेळाने गाडी हलली, बेर्नाउअर श्ट्रासेच्या फलाटाला लागली, दारं उघडली. ते गृहस्थ उठले आणि कुणाकडेच न बघता, दाराच्या दांडीला धरून म्हणाले, "पूर्वी इथे गाडी थांबतच नसे." आणि उतरून गेले. बाजूच्या मुलीने कानातले इअरफोन काढून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, दारं बंद झाली. आपल्याकडे एखादा म्हातारा एसटीत बसल्या बसल्या "इथं पूर्वी मोठा वड होता" म्हणतो, तसा तो सूर होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी याच स्टेशनावर रोज चढते-उतरते. तिथल्या फरशीवर माझ्या मुलीने आइस्क्रीम सांडलंय. आणि या फलाटावर अठ्ठावीस वर्षं एकही प्रवासी उभा राहिला नव्हता, हे मला माहीत असूनही कधी जाणवलं नव्हतं.

ही लाइन पश्चिम बर्लिनमधल्या वेडिंगमधून निघून पश्चिम बर्लिनमधल्याच क्रॉइत्झबर्गला आणि पुढे नॉयक्योल्नला जायची. मधला तुकडा मात्र पूर्व बर्लिनच्या पोटाखालून. १३ ऑगस्ट १९६१ च्या रविवारी पहाटे वर शहराच्या दोन भागांमध्ये काटेरी तार पसरली गेली, पुढच्या बर्लिन भिंतीची ती सुरुवात, तेव्हा खाली जमिनीत काय करायचं हा प्रश्न आलाच. रूळ उखडले नाहीत. गाड्या चालू राहिल्या, फक्त थांबेनाशा झाल्या. बेर्नाउअर श्ट्रासे, रोझेन्थालर प्लात्झ, वाइनमाइस्टरश्ट्रासे, आलेक्झांडरप्लात्झ, यानोवित्झब्रुके, हाइनरिश-हायने-श्ट्रासे, अशी ओळीने सहा स्टेशनं. व्होल्टाश्ट्रासेला घोषणा व्हायची, पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन. मग गाडी वेग कमी करून त्या फलाटांवरून सरकत जायची. मंद पिवळट दिवे, भिंतींवर १९६१ सालच्या जाहिराती तशाच, फलाटावरच्या तिकीट तपासनिसाच्या खोपटाला विटा लावून फक्त एक फट ठेवलेली आणि त्या फटीमागे बंदूकधारी पहारेकरी. मोरिट्झप्लात्झ आलं की पुन्हा झगझगीत उजेड आणि चढणाऱ्यांची घाई. वरच्या रस्त्यावरून, म्हणजे पूर्वेकडून पाहिलं तर ही स्टेशनं नव्हतीच. जिने बुजवलेले, पाट्या काढलेल्या, पूर्वेच्या नकाशांवर या मार्गाची रेघसुद्धा नाही. रोझेन्थालर प्लात्झला वर चालणाऱ्या माणसाला पायाखालून काही मिनिटांनी एकदा येणारी घरघर तेवढी कळायची. त्या घरघरीत बसलेली माणसं त्याच्याच शहरातली, कधी त्याचीच भावंडं.

आणि ही घरघर पूर्वेच्या परवानगीने चालू होती.

हा भाग मला वाचताना सगळ्यात जास्त खुपला. आपण शाळेत हे सगळं नकाशावर शिकलो: इकडे नाटो, तिकडे वॉर्सा करार, मध्ये पोलादी पडदा. दोन बाजूंनी एकमेकींशी बोलणंच टाकलेलं असणार असं वाटायचं. प्रत्यक्षात दोघींचा बारीकसारीक व्यवहार अखंड चालू होता. पूर्वेच्या हद्दीखालून गाड्या नेण्याबद्दल पश्चिम बर्लिनची वाहतूक संस्था पूर्वेला दरवर्षी पैसे मोजत असे. त्याहून विचित्र म्हणजे एस-बान. युद्धानंतरच्या व्यवस्थेत शहरभरच्या लोकल गाड्या चालवायचा हक्क पूर्वेच्या रेल्वेकडे गेला होता, आणि भिंत उभी राहिली तरी तो तसाच राहिला. म्हणजे पश्चिम बर्लिनमध्ये धावणारी लोकल पूर्वेची, तिकिटाचे पैसे पूर्वेचे. भिंतीनंतर पश्चिमेतल्या लोकांनी या गाड्यांवर बहिष्कार टाकला. एस-बानचा प्रवासी काटेरी तारेचे पैसे भरतो, असे फलक घेऊन माणसं स्टेशनांबाहेर उभी राहिली. डबे रिकामे धावू लागले, फलाटांवर गवत वाढलं. तरी १९८४ च्या जानेवारीपर्यंत तो कारभार पूर्वेकडेच होता. १९८० च्या सप्टेंबरमध्ये या रेल्वेच्या पश्चिम बर्लिनमधल्या कामगारांनी संप केला. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या मालकाविरुद्ध कामगारांचा संप. तो मोडला गेला, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि बरेच मार्ग त्यानंतर बंदच पडले.

संपाची ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

बाबांबद्दल सांगायला हवं, कारण या शहरात मी जे काही पाहते त्याच्या मागे ते उभे असतात. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. पाऊस तसाही बेताचाच, त्यात बहात्तरचा दुष्काळ. बाबा तेव्हा विशीत. सडकेच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली आणि रेशनवरची मिलो. अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी. आजी म्हणायची, भाकरी थापायला घेतली की चिरायची, आणि तोंडात गेली की घशाखाली उतरायची नाही. तरी उतरवली, कारण दुसरं नव्हतं. त्याच सुमारास बाबांना ओझरच्या कारखान्यात काम मिळालं. मिग विमानं बनवायला सोव्हिएत मदतीने १९६४ साली उभा राहिलेला तो कारखाना. म्हणजे पोटात अमेरिकेचं धान्य आणि हातात रशियाचा पाना, असं माझ्या वडिलांचं तरुणपण. शीतयुद्ध हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पण मी लहान असताना विमान डोक्यावरून गेलं की भांड्यांच्या फडताळातल्या वाट्या वाजायच्या आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "बाबांचं गेलं."

रशियन इंजिनियरांबद्दल बाबा आजही बोलतात ते गुरूबद्दल बोलावं तसं. एक उंच, सोनेरी भुवयांचा माणूस होता. त्याला मराठी येत नव्हतं, बाबांना रशियन येत नव्हतं, दुभाषा दुसरीकडे गुंतलेला. त्याने बाबांच्या हातावर हात ठेवून रिव्हेट किती दाबायची ते शिकवलं. चुकलं की मान हलवायचा, पुन्हा करायला लावायचा, ओरडायचा नाही. "आपल्याकडचे साहेब बोट दाखवून काम सांगायचे, हा माणूस स्वतः गुडघ्यावर बसायचा," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. त्यात १९७१ ची भर. ऑगस्टमध्ये मैत्रीचा करार झाला आणि डिसेंबरात अमेरिकेने आपलं आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडलं. तेव्हा आपल्या मागे कोण उभं राहिलं, हा बाबांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकच. त्यामुळे मी बर्लिनमध्ये राहायला लागले आणि हळूहळू या शहराच्या तोंडून तिसरंच काही ऐकू लागले, तेव्हा फोनवर मी ते बाबांना सांगत नसे. सांगावं तर त्यांच्या त्या सोनेरी भुवयांच्या माणसावर डाग पडेल, न सांगावं तर इथल्यांशी बेइमानी होईल.

मग बाबाच इथे आले. जुलै महिना होता. मी त्यांना बेर्नाउअर श्ट्रासेला घेऊन गेले.

या रस्त्याची मांडणीच अशी होती की माणसाने ती मुद्दाम क्रूरपणे आखावी. दक्षिणेकडच्या बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये, पण घरांपुढची फरसबंदी पश्चिमेत. उंबरा ओलांडला की दुसऱ्या जगात. १३ ऑगस्टनंतर आधी रस्त्याकडची दारं बंद झाली, मग खालच्या मजल्याच्या खिडक्या विटांनी चिणल्या गेल्या, मग वरच्या. लोक वरून उड्या मारू लागले, खाली पश्चिमेचे अग्निशमनवाले जाळी धरून उभे. ४८ नंबरच्या घरात ईडा झीकमान नावाची बाई राहायची. तिची बहीण याच भागात पलीकडे, पश्चिमेत. २१ ऑगस्टला तिच्या इमारतीचं दार बंद केलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या गाद्यागिरद्या खिडकीतून खाली फरसबंदीवर टाकल्या आणि अग्निशमनवाल्यांची जाळी उघडायच्या आत उडी घेतली. ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा एकोणसाठावा वाढदिवस होता. महिनाभराने २९ नंबरच्या घरातून एक सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी खिडकीबाहेर लटकली. वरून पूर्वेचे लोक तिचे हात धरून तिला आत ओढताहेत, खालून पश्चिमेचे लोक पाय धरून खाली. ती जाळीत पडली आणि वाचली. तिचा तो फोटो सगळीकडे छापला गेला. घरं पुढे पाडली, पहाऱ्याची पट्टी मोकळी करायला. आता तिथे एका घराचा उकरलेला पाया आहे, तळघराच्या भिंती, फरशीचे तुकडे. बाबा कठड्याला टेकून त्या तळघरात बघत राहिले. ते फोटो पाहून काय म्हणतील याची मी धास्ती घेतली होती. ते म्हणाले, "गाद्या आधी टाकल्या बाईनं. म्हणजे तिनं विचार करून केलंय. घाबरून नाही."

पुढे थोडं चाललं की राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याचं शेत लागतं. भर शहरात, ट्रामच्या रुळांजवळ. इथे विटांचं एक मोठं चर्च होतं. भिंतीने त्याला मधल्या पट्टीत कोंडलं, वर्षानुवर्षं तिथे प्रार्थना झाली नाही, आणि १९८५ च्या जानेवारीत पूर्वेच्या सरकारने ते सुरुंग लावून पाडलं. आता तिथे मातीच्या जाड भिंतींचं एक लहानसं प्रार्थनाघर आहे, त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचा चुरा मिसळलाय, आणि भोवती राय. जुलै असल्याने कणसं पिकायला आलेली. बाबांनी वाकून एक लोंबी हातात घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि उरलेले बारीक, राखाडी हिरवट दाणे माझ्यापुढे धरले. "गव्हापेक्षा बारीक. जमीन हलकी असणार." मग दोन दाणे दाताखाली फोडून म्हणाले, "याच्याच काळ्या पावाची आठवण काढायचे ते ओझरला. आपल्या पोळ्या खाऊन कंटाळायचे बिचारे." त्या जागेवर रशियनांसाठी 'बिचारे' हा शब्द ऐकून मला कससंच झालं. पण ते खोटं नव्हतं.

नॉर्डबानहोफ स्टेशनात या बंद स्टेशनांचं एक कायमचं प्रदर्शन आहे. तिकीट नाही, येता-जाता बघावं. बाबांनी ते कामगाराच्या नजरेनं पाहिलं. मला दिवे, सावल्या, शांतता यांचंच काय ते. त्यांनी विचारलं, पहारेकऱ्यांच्या पाळ्या कशा असत? दोघांची जोडी असायची, मी म्हटलं. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं, आणि जोड्या सारख्या बदलत, ओळख होऊ नये म्हणून. कारण पळून जाणाऱ्यांत पहारेकरीही असत. तार पडल्यावर तिसऱ्या दिवशीच, याच रस्त्यावर, कॉनराड शुमान नावाचा एकोणीस वर्षांचा शिपाई ती ओलांडून उडी मारून गेला होता. बाबांनी मान हलवली. "म्हणजे शेजारी उभा आहे तो सोबती की आपल्यावरचा पहारा, हे त्याला माहीत नाही. आठ तास असं उभं राहायचं. समोरून गाडी जाणार, आत उजेड, माणसं बसलेली, पेपर वाचणारी. आणि घरी गेल्यावर बायकोने विचारलं, आज काय केलं, तर काय सांगणार गं तो?" बेर्नाउअर श्ट्रासेवर मी इतकी पुस्तकं वाचली, इतक्या पाट्या वाचल्या. फटीमागच्या माणसाच्या घरच्या जेवणाचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

अशाच एका पहारेकऱ्याची गोष्ट मग मी बाबांना सांगितली, कारण त्यांनी विषय काढलाच होता. १९६४ च्या ऑक्टोबरात पश्चिमेकडच्या विद्यार्थ्यांनी बेर्नाउअर श्ट्रासेवरच्या एका बंद पडलेल्या बेकरीतून जवळजवळ दीडशे मीटर लांब बोगदा खणला. बारा मीटर खोल. पलीकडे तो एका घरामागच्या अंगणात निघाला. दोन रात्रींत सत्तावन्न माणसं त्यातून सरपटत आली, म्हाताऱ्या बायका, मुलं. दुसऱ्या रात्री शिपाई आले, अंधारात गोळ्या सुटल्या, आणि एगोन शुल्त्स नावाचा एकवीस वर्षांचा शिपाई मेला. पेशाने शिक्षक होता, सक्तीच्या लष्करी नोकरीवर आलेला. पूर्वेने त्याला हुतात्मा केलं. पश्चिमेच्या भाडोत्री मारेकऱ्यांचा बळी म्हणून शाळांना त्याचं नाव दिलं, पोरांना त्याच्यावर निबंध लिहायला लावले. भिंत पडल्यावर कागद उघडले तेव्हा कळलं, बोगद्यातल्या तरुणाची गोळी त्याला लागली होती हे खरं, पण जीव गेला तो त्याच्याच सोबत्याच्या कलाश्निकोव्हच्या गोळीने. पूर्वेच्या यंत्रणेला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि इकडे तो बोगदा खणणारा तरुण आपण एक माणूस मारला या समजुतीत वर्षानुवर्षं जगला. एका सरकारने एक शवविच्छेदनाचा अहवाल कपाटात ठेवला, त्याची ही किंमत. भिंतीवर किमान १४० माणसं मेली असं इथलं स्मारक सांगतं, त्यांत आठ पूर्वेचे पहारेकरी आहेत. त्या तरुणासारख्यांची मोजणी कुठल्याच आकड्यात नाही.

बाबांचं यावर म्हणणं असं की हे जर्मनांनी जर्मनांना केलं, रशियनांनी नाही. मी म्हटलं, मॉस्कोच्या होकाराशिवाय एक वीट रचली गेली नसती. भिंत हवी होती ती पूर्व जर्मनीचा नेता उल्ब्रिश्टला, हे खरं. १९४९ पासून पंचवीस लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली होती, डॉक्टर, इंजिनियर, शेतकरी, आणि बर्लिन हेच उघडं दार होतं. पण सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने मान डोलावल्यावरच तार आली. "आणि अमेरिका काय करत होती?" बाबांनी विचारलं. अगदी बरोबर जागी बोट ठेवलं त्यांनी. अमेरिका बघत होती. २५ जुलैच्या भाषणात केनेडींनी निक्षून सांगितलं ते पश्चिम बर्लिनबद्दल, पूर्वेकडच्या माणसांबद्दल त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. आणि तार पडल्यावर, भिंत हा काही चांगला तोडगा नव्हे, पण युद्धापेक्षा भिंत कितीतरी बरी, असं ते म्हणाल्याचं त्यांच्या जवळच्या सहकाऱ्याने नोंदवून ठेवलंय. ऑक्टोबरात चेकपॉइंट चार्लीला दोन्हीकडचे रणगाडे हाकेच्या अंतरावर तोंडाला तोंड देऊन सोळा तास उभे राहिले. मग पडद्याआड निरोप गेले, आधी एक सोव्हिएत रणगाडा मागे सरला, मग एक अमेरिकन, असं करत रस्ता मोकळा झाला. जगाने सुस्कारा सोडला. बेर्नाउअर श्ट्रासेवर खिडक्या चिणणं चालू होतं.

माझा राग इथे अडकतो. केनेडींचं वाक्य वाचलं की संताप येतो, कारण त्यात ईडा झीकमान नाही. पण मी तेव्हा वेडिंगमध्ये दोन पोरं घेऊन राहत असते, सोळा वर्षांपूर्वीच्या ढिगाऱ्यांतून विटा वेचलेल्या असत्या, तर मला अमेरिकन रणगाडा पुढे सरकलेला हवा होता का? नसता. मीही खिडकीतून बघत राहिले असते, आणि गाडी सुरू आहे, दुकानात लोणी आहे, यात समाधान मानलं असतं. दोन महासत्ता इथे लढल्या नाहीत, म्हणून हे शहर उभं आहे. त्या लढल्या कोरियात, व्हिएतनाममध्ये, अंगोलात, अफगाणिस्तानात, दुसऱ्यांच्या अंगणात आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या पोरांकरवी. बर्लिन शांत राहिलं त्याचं मोल तिकडे किती चुकवलं गेलं, हे मला इथल्या कुठल्याच स्मारकात नीट वाचायला मिळालेलं नाही, आणि ते मला खटकतं. व्हिएतनामी बाई आमच्या कोपऱ्यावर फुलांचं दुकान चालवते. ती पूर्व जर्मनीत कापडगिरणीत कामाला आणलेल्या कंत्राटी कामगारांपैकी. तिच्या वाट्याला याच भांडणाची दोन्ही टोकं आली.

आणि मग ती माणसांची विक्री. पूर्वेच्या तुरुंगात सरकारविरुद्ध बोलणारे, पळून जाताना पकडलेले असे राजकीय कैदी असत. १९६३ पासून पश्चिम जर्मनी त्यांना पैसे देऊन सोडवू लागली. १९७७ नंतर दर ठरलेला होता, माणशी ९५,८४७ मार्क. रक्कम बरीचशी मालाच्या रूपात जायची, तेल, तांबं, कॉफी. कार्ल-मार्क्स-श्टाट, म्हणजे आजचं केम्निट्झ, तिथल्या तुरुंगात कैद्यांना एकत्र आणत, त्यांच्या अंगावर जरा मांस चढू देत, आणि मग बसमध्ये घालत. बसच्या नंबरपाट्या फिरणाऱ्या होत्या. पूर्वेत पूर्वेचा नंबर, हद्द ओलांडल्यावर चालकाने कळ दाबली की पश्चिमेचा. १९८९ पर्यंत असे ३३,७५५ कैदी सोडवले गेले, एकूण सुमारे ३४० कोटी मार्क मोजून. या पैशाने पूर्वेचं सरकार जास्त दिवस टिकलं असं म्हणणारे आहेत. खंडणी मिळते म्हणून जास्त लोकांना तुरुंगात टाकलं असेल, अशीही शंका घेतात. मी या व्यवहाराला नावं ठेवायला बसते आणि त्या बसमध्ये बसलेल्या बाईचा विचार येतो. हद्द ओलांडल्यावर ती काय करत असेल? हसत, रडत, की पाटी फिरल्याचा आवाज ऐकू येतो का म्हणून कान देत? मागे राहिलेली मुलं कधी येतील हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. सोडवायला हवंच होतं तिला. तरीही तो दर माझ्याच्याने वाचवत नाही.

भिंत उघडली ती ९ नोव्हेंबर १९८९ ची रात्र सगळ्यांना माहीत आहे, पूर्वेचा पुढारी शाबोव्स्की याने पत्रकारांपुढे चुकून वाचलेला तो कागद, बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या फाटकावर जमलेली गर्दी. मला त्यानंतरचा शनिवार जास्त आवडतो. ११ नोव्हेंबरला यानोवित्झब्रुकेचं बुजवलेलं स्टेशन उघडलं, बंद सहापैकी पहिलं. घाईघाईत जिना मोकळा केला, तपासणीची टेबलं मांडली, आणि अठ्ठावीस वर्षांनी गाडी तिथे थांबली. यावर कुणी भाषण केलं असेल तर मला माहीत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. चालकाने ब्रेक दाबला, दारं उघडली, लोक आत शिरले. त्या चालकांपैकी कित्येकांनी सगळी नोकरी याच बोगद्यात त्या ठिकाणी वेग कमी करून, पण न थांबता काढली होती. हाताला सवय न थांबण्याची.

बाबा परत गेले त्याला आता बराच काळ झाला. ओझरला त्यांच्या निवृत्त मित्रांचा कट्टा आहे, सकाळी फेरी मारून झाली की चहाच्या टपरीवर बसतात. सगळे एकाच कारखान्यातले, कुणी रंगकामातला, कुणी इंजिनावरचा. गेल्या रविवारी फोनवर बाबा जरा तापलेले वाटले. कट्ट्यावर बर्लिनचा विषय निघाला होता. त्यांचा एक जुना मित्र, युनियनमधला, म्हणाला हे सगळं अमेरिकेने उठवलेलं, असं काही नव्हतं. "मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या घराचा पाया मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय. बाईनं गाद्या टाकल्या होत्या खाली. ते काय अमेरिकेनं टाकल्या?" मग थोडं थांबले. मागे टीव्हीवर बाजारभाव चालू होते, कांदा पुन्हा पडला होता. "पण तो दुसरा बोलायला लागला रशियनांच्या नावानं, तेव्हा त्यालाही गप्प केलं मी. म्हटलं, तुझ्या हाताला रिव्हेट मारायला कुणी शिकवलं ते आठव आधी." आई मागून ओरडत होती, फोन दे म्हणून. बाबांनी तिला हातानेच थांब म्हटलं असावं. "दोन्ही खरं आहे गं," ते म्हणाले, "आता ह्यांना कसं सांगू ते तू सांग."